पाणी खेळवायचंय, पण कशासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक घरून थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं काम करतात. कंप्युटर त्यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडलाय. रायझन ७००० मालिकेतला आठ कोअरचा, १०५ वॅट वर्गातला प्रोसेसर आणि २५० वॅट खेचणारं ग्राफिक्स कार्ड. रेंडर, म्हणजे सीनची अंतिम चित्रं बनवायचं काम, लावला की प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन बसतो, पंखे मिनिटाला चारदा चढतात-उतरतात, आणि हे सगळं झोपायच्या खोलीत चालतं. ते लिहितात, "चार महिने वॉटर कूलिंगचे व्हिडिओ बघतोय. काचेसारख्या सरळ नळ्या, आत रंगीत पाणी आणि एकदम शांत मशीन, असं मला करायचंय. बाबांचं म्हणणं, विजेच्या डब्यात हौसेने पाणी घालणारा पहिलाच माणूस पाहिला. प्रोसेसर जळायच्या आधी हे करून टाकू का? आणि करायचं तर सुरुवात कुठून करू?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते तापमानाबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा लक्षात आलं की त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात: ९५ हा आकडा, रात्रीचा आवाज, आणि त्या सरळ चकचकीत नळ्यांची ओढ. तिन्हींचं उत्तर वॉटर कूलिंगच, असं तुम्ही धरून चाललाय. माझ्या मते आकड्याचं उत्तर ते नाही, आवाजाचं अर्धंमुर्धं आहे, आणि ओढीचं मात्र नक्की आहे. म्हणून आधी गुंता सोडवू, स्क्रूड्रायव्हर नंतर हातात घेऊ.

"प्रोसेसर जळायच्या आधी" या शब्दांपाशी मी थांबले. तो जळायला निघालेला नाही. २०२२ मध्ये ही मालिका आली तेव्हाच रायझन बनवणाऱ्या एएमडीने सांगितलं होतं की जड काम पडलं की हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जातील, तिथेच टिकून काम करतील आणि त्यांची घडणच तशी आहे. ९५ म्हणजे त्याने स्वतःसाठी आखलेली रेघ. कूलर जरा बरा लावला की मिळालेल्या जागेत तो आपला वेग थोडा वाढवतो आणि पुन्हा त्या रेघेकडे सरकतो. त्यामुळे पुष्कळ जणांचं असं होतं की मोठा खर्च करून पाणी खेळवतात, रेंडर लावतात, पडद्यावर पुन्हा नव्वदीच्या आसपासचा आकडा दिसतो आणि चेहरा उतरतो. पाण्याचा त्यात दोष नसतो. आठही कोअर ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आहेत तो जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे एका बोटाच्या नखावर सहज मावेल एवढा. शंभरएक वॅट एवढ्याशा जागेतून बाहेर पडायचे, वर धातूचं जाड झाकण, त्यावर पेस्टचा थर. उष्णता अडते ती इथे. झाकणाच्या वर हवा आहे की पाणी, हा प्रश्न त्यानंतरचा.

या आकड्यासाठी एक फुकटचा उपाय आजच करून बघा. बायोसमध्ये, म्हणजे कंप्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, इको मोड नावाची सोय असते. तिच्यातून तुमचा प्रोसेसर ६५ वॅट वर्गासारखा चालवता येतो, म्हणजे त्याची खरी मर्यादा १४२ वॅटवरून ८८ वर येते. वीज जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते, रेंडरचा वेळ मात्र त्या मानाने फारच थोडा वाढतो. कारण वेगाचे शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) पटीत वाढते. एकच सीन दोन्ही प्रकारे रेंडर करा आणि वेळ लिहून ठेवा. फरक तुम्हाला परवडणारा असेल तर पत्रातला पहिला प्रश्न एकही रुपया खर्च न करता सुटला.

आवाजाचं दुखणं खरं आहे, आणि तिथे पाण्याला काम आहे. पण आवाज कशाचा, हे आधी नीट ऐका. तुम्हीच लिहिलंय, पंखे "चढतात-उतरतात". झोप उडवतो तो हा चढउतार. एका लयीत चाललेल्या पंख्याची कानाला काही वेळात सवय होते. चढउताराचं कारण असं की पंखे प्रोसेसरच्या तापमानाकडे बघून पळतात आणि ते तापमान दोन सेकंदांत वीस-पंचवीस अंशांनी उडी मारतं. बायोसच्या पंख्यांच्या पानावर वेग बदलायला किती सेकंद घ्यायचे ते ठरवता येतं. ते वाढवा. तापमान ७० ते ९० असताना पंख्याचा वेग जवळपास सपाट राहील अशी रेघ आखा. एवढ्यानेही रात्र बरीच सुसह्य होते.

दुसरी तपासणी कॅबिनेटची. रेंडर पंधरा मिनिटं चालवा, तापमान आणि पंख्यांचा वेग लिहा. मग बाजूचं झाकण काढून तोच रेंडर पुन्हा चालवा. ग्राफिक्स कार्ड सहा-सात अंशांनी उतरलं, तर तुमच्या कॅबिनेटला श्वास घ्यायला जागा नाही, हे समजा. अशा कॅबिनेटमध्ये रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग, बसवला तरी तो गुदमरणारच, कारण त्यालाही हवा त्याच जाळीतून मिळणार आहे. पुढची बंद काच काढून जाळीचं पॅनल बसवणं हा कधीकधी अख्ख्या लूपपेक्षा (नळ्या, पंप, टाकी आणि रेडिएटर मिळून पाणी फिरवणाऱ्या जोडणीपेक्षा) मोठा फरक करणारा बदल ठरतो. मला तर वाटतं, वॉटर कूलिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही झाकणाची परीक्षा आधी द्यावी.

आता पाण्याकडे येते. पाणी हा हमाल आहे. तो ओझं उचलतो आणि दुसरीकडे नेऊन ठेवतो. ओझं नाहीसं करत नाही. चिपपाशी उचललेली उष्णता रेडिएटरपाशी उतरते आणि तिथून पंख्यांच्या हवेबरोबर तुमच्याच खोलीत येते. म्हणून पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही आणि वॉटर कूलिंग केल्याने खोली कमी तापत नाही. प्रोसेसरचे १४२ आणि कार्डाचे २५० मिळून सुमारे ३९० वॅट, म्हणजे आज खोलीत जेवढी उष्णता सांडते तेवढीच उद्याही सांडेल.

मग हमाल ठेवायचा कशाला? कारण तो फार ताकदीचा आहे. तेवढ्याच आकारमानाची हवा घेतली तर पाणी तिच्या सुमारे ३,५०० पट उष्णता उचलतं. त्यामुळे उष्णता चिपजवळच्या अडचणीच्या जागेतून काढून, जिथे मोठमोठे पंखे हळू फिरू शकतात अशा मोकळ्या जागी नेता येते. शांतता मिळते ती या हळू फिरणाऱ्या पंख्यांमुळे. दुसरा गुण मला त्याहूनही आवडतो. पाणी सावकाश तापतं. लूपमध्ये साधारण लिटरभर पाणी असेल तर ३९० वॅट पूर्ण ओतले तरी ते एका अंशाने चढायला अकरा सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे पंख्यांना प्रोसेसरच्या तापमानाऐवजी पाण्याच्या तापमानाकडे बघायला लावलं, तर त्या दोन सेकंदांच्या उड्या त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यासाठी लूपमध्ये एक छोटा सेन्सर बसवायचा आणि त्याची दोन तारांची पिन मदरबोर्डवर लावायची. तुमच्या मदरबोर्डवर तशी जागा आहे का ते पुस्तिकेत बघून घ्या. नसेल तर वेगळा फॅन कंट्रोलर लागतो. नवखे लोक हा सेन्सर विसरतात, लूप जोडूनही पंखे जुन्याच पद्धतीने पळवतात, आणि मग म्हणतात शांतता कुठे आली.

आणि "एकदम शांत" हे मनातून काढून टाका. पंप असतो. त्याची बारीक घरघर असते, आणि ती कॅबिनेटच्या पत्र्यात उतरली की रात्री जाणवते. पंप रबराच्या किंवा स्पंजच्या बैठकीवर बसवला आणि पूर्ण वेगाऐवजी निम्म्याच्या आसपास चालवला, तर ती जवळजवळ विरते.

पत्रात तुमचं लक्ष सगळं प्रोसेसरवर आहे. मी तुमच्या जागी असते तर ग्राफिक्स कार्डाकडे बघितलं असतं. त्याची चिप मोठी असते, तिच्यावर झाकण नसतं, वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा, थेट सिलिकॉनवर बसतो. म्हणून पाण्याचा खरा फायदा तिथे दिसतो. प्रोसेसर पाच-दहा अंशांवर समाधान मानतो, कार्ड वीस-पंचवीस अंशांनीही उतरू शकतं. शिवाय तुमच्या ३९० पैकी २५० वॅट आणि बहुधा आवाजाचा मोठा वाटाही त्याचाच आहे. ज्यांना फक्त प्रोसेसर थंड करायचाय, त्यांनी सुटा लूप जोडण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. दोन मनोऱ्यांचा चांगला एअर कूलर त्यांना पुरतो. त्यात बिघडण्यासारखा एक पंखा, तोही पाच मिनिटांत बदलता येतो.

मधला रस्ता म्हणजे कारखान्यातून भरून, बंद करून आलेला कूलर, ज्याला सगळे एआयओ म्हणतात. जोडायला सोपा, गळण्याची भीती कमी. पण रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं, बहुतेकांत ते परत भरता येत नाही, म्हणून तो पाच-सहा वर्षांनी बदलायची वस्तू धरून चाला. बसवताना एवढं पाळा: रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. हवेचा बुडबुडा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसतो. ती जागा पंपाची असेल तर तो खुळखुळ वाजतो आणि लवकर झिजतो. तुमच्या बाबतीत एआयओ प्रोसेसरचं काम करील, कार्डाचा आवाज मात्र तसाच राहील.

आता तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलू, जी पत्रात तुम्ही हलकेच लपवलीय. तुम्हाला हे करून बघायचंय. चार महिने कुणी नुसतं तापमानापायी व्हिडिओ बघत नाही. स्वतःच्या हाताने नळी कापावी, पहिल्यांदा पंप सुरू करून पाणी फिरताना बघावं, ही इच्छा तुमच्या प्रत्येक ओळीत दिसते. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतोच. मग ९५ अंशांचं निमित्त कशाला पुढे करायचं? "मला आवडतं म्हणून करतोय" असं स्वतःला आणि घरच्यांना सरळ सांगितलं की निर्णय चांगले होतात. गरज म्हणून करणारा घाई करतो, स्वस्तातलं शोधतो, रात्रीत उरकतो. आवड म्हणून करणारा दोन महिने पैसे साठवून एक बरा पंप घेतो. हा फरक मी फार जवळून पाहिलाय.

तर हौस पक्की असेल तर सुरुवात अशी करा.

हार्ड ट्यूब पहिल्या लूपला नको. तुम्हाला हे रुचणार नाही, पण आग्रहाने सांगते. कडक नळीचं प्रत्येक वळण गरम हवेने वाकवायचं, मिलिमीटरच्या हिशोबात कापायचं, आणि एखादं टोक तिरकं कापलं गेलं की तिथूनच पाझर सुरू. त्याहून मोठी अडचण म्हणजे असा लूप उघडावासा वाटत नाही. एक रॅमची पट्टी बदलायची तरी जीव वर-खाली होतो. मऊ नळीच्या लूपमध्ये कार्ड नळ्यांसकट जरा बाजूला सरकवता येतं, नळी एक सेंटीमीटर लांब निघाली तर कापून पुन्हा लावता येते. पहिल्या वर्षात तुम्ही हा लूप तीन-चारदा उघडणार आहात. शिकणं त्यातच आहे. पुढच्या वर्षी तेच ब्लॉक, तोच पंप ठेवून फक्त नळ्या आणि फिटिंग (नळ्यांचे जोड) बदलून हार्ड ट्यूब करता येते, तेव्हा स्वप्न कुठे जात नाही.

मऊ नळ्यांतही दोन जाती. पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या दिसायला छान, पण बऱ्याच नळ्यांमधलं मऊपणा आणणारं द्रव्य हळूहळू पाण्यात उतरतं, नळी ढगाळ होते आणि ब्लॉकच्या फटींत चिकट थर बसतो. काळी रबरी, ईपीडीएम नावाची नळी घ्या. आतलं पाणी दिसत नाही, पण ती वर्षानुवर्षं त्रास देत नाही. नळीची आतली आणि बाहेरची अशी दोन्ही मापं फिटिंगशी जुळायला हवीत. १०/१३ ची नळी १०/१६ च्या फिटिंगमध्ये घट्ट बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही. फिटिंगचे आटे मात्र जवळपास सगळीकडे जी १/४ मापाचे असतात, तिथे गोंधळ नाही.

धातूंच्या बाबतीत कडक राहा. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र नांदतात. त्यांच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियम आलं की पाण्यातून दोघांची बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. वस्तूच्या वर्णनात आतला धातू स्पष्ट लिहिलेला नसेल तर ती घेऊच नका.

रेडिएटर केवढा? शांतता हवी असेल तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याच्या जागेमागे शंभर वॅटच्या आसपास धरावेत, हा माझा अंदाजाचा हिशोब. तुमचे ३९० वॅट तीन पंख्यांच्या एका ३६० च्या रेडिएटरवर निभावतील, पण पंखे ऐकू येतील. ३६० आणि २४० असे दोन बसले तर पाच पंखे होतात, प्रत्येकाच्या वाट्याला ऐंशीच्या आत वॅट येतात आणि ते निवांत फिरतात. खोलीच्या वर दहा अंशांवर पाणी राहिलं तर लूप उत्तम, पंधरापर्यंतही काही बिघडत नाही. विकत घ्यायच्या आधी कॅबिनेटमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे त्या मापाचे कापून ठेवून बघा, जाडीसकट, पंख्यांसकट. पुठ्ठा बसला नाही तर रेडिएटरही बसणार नाही.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की कार्डाकडे, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला एक लिटर एवढ्या सावकाश वाहणाऱ्या पाण्यातही ३०० वॅट घातले तर ते जेमतेम सव्वाचार अंशांनी चढतं, आणि बहुतेक लूपमध्ये प्रवाह याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून नळ्या जिथून आखूड आणि सरळ जातील तोच क्रम योग्य. क्रमाचा एकच नियम पाळायचा: टाकी पंपाच्या अगोदर आणि त्याच्यापेक्षा वर, म्हणजे पंपाच्या तोंडाशी नेहमी पाणी राहतं. पंप कोरडा चालला तर काही वेळातच खराब होऊ शकतो, कारण त्याच्या फिरत्या भागाला वंगण पाण्याचंच असतं. आणि लूपच्या सगळ्यात खालच्या जागी एक टी फिटिंग टाकून छोटा व्हॉल्व्ह लावा. पहिल्यांदा बांधताना तो जास्तीचा वाटतो, पहिल्यांदा पाणी काढताना त्याची किंमत कळते.

कार्डाचा ब्लॉक मागवण्याआधी कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव बघा. एकाच चिपची दोन कंपन्यांची कार्डं आतून वेगळी असतात, आणि एकाचा ब्लॉक दुसऱ्याला बसत नाही. कार्डाचा कूलर काढल्यावर वॉरंटीचं काय होतं तेही आधी वाचा. काढलेला कूलर आणि त्याचे स्क्रू एका पिशवीत, नाव लिहून जपून ठेवा. कार्ड विकायची वेळ आली की ते लागतात.

आत काय भरायचं? नळाचं पाणी नाही, फिल्टरचंही नाही, त्यात क्षार उरतातच. पहिल्या लूपला पारदर्शक, तयार कूलंट घ्या, ज्यात गंज आणि शेवाळ रोखणारी द्रव्यं आधीच मिसळलेली असतात. व्हिडिओत दिसणारे दुधाळ, मोतिया रंग तूर्त विसरा. त्यांत बारीक कण तरंगत असतात आणि ब्लॉकच्या आतल्या फटी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असतात. रंग तिथे जाऊन बसतो. "वीज न वाहणारं" असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. धातूंवरून फिरता फिरता कुठलंही पाणी थोडेफार आयन उचलतं.

रेडिएटर नवा असला तरी धुवायचा. आत डागकामाचं फ्लक्स उरलेलं असतं. अर्धा रेडिएटर कोमट डिस्टिल्ड पाण्याने भरा, दोन्ही तोंडं बंद करा, दोन मिनिटं जोरात हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. पहिल्या वेळी तळाशी काळपट कण दिसतात, वर कधी तेलकट तवंग. पाणी भांड्यात नितळ दिसेपर्यंत हे करत राहायचं. चार वेळा, सहा वेळा, लागेल तितक्या वेळा. इथला कंटाळा पुढे ब्लॉकमध्ये सापडतो.

मग गळतीची परीक्षा. हवेचा दाब देणारा छोटा हातपंप काट्यासह मिळतो. पाणी भरण्याआधी तो लावून अर्ध्या बारपर्यंत दाब द्या आणि अर्धा तास काटा बघा. ढळला नाही तर लूप बंदिस्त आहे. त्यानंतर पाणी भरून चोवीस तास फक्त पंप चालवायचा. मदरबोर्ड, कार्ड, डिस्क यांच्या सगळ्या विजेच्या तारा काढून ठेवायच्या. पॉवर सप्लाय एकटा सुरू करायला २४ पिनच्या कनेक्टरवर लावायचा तयार जंपर प्लग मिळतो. तो घ्या, तारेचा तुकडा खुपसू नका.

माझ्या पहिल्या लूपला मी प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवली होती. रात्री अकराला पंप लावला. पहाटे टॉर्च घेऊन बघितलं तर कार्डाच्या ब्लॉकखालच्या घडीवर मसुराच्या दाण्याएवढा ओला ठिपका होता. नळी कोरडी, फिटिंगही वरून कोरडं. उघडल्यावर दिसलं, फिटिंगच्या बुडाची रबरी रिंग खाचेतून निसटून एका बाजूला चिमटली होती, तिच्यावर नखाने ओढल्यासारखी चकचकीत रेघ उमटली होती. घट्ट बसावं म्हणून मी पान्याने आवळलं होतं, तीच चूक. हाताने आवळून रिंग टेकली की थांबायचं. अ‍ॅक्रिलिकच्या ब्लॉकला जास्त आवळलं तर तो तडकतोही. नवी रिंग घातली, कार्ड पुसून दोन दिवस वाळवलं आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले. वीज जोडलेली नव्हती म्हणून कार्ड वाचलं, ते नंतर कित्येक वर्षं चाललं.

हीच गोष्ट बाबांना सांगा. त्यांची भीती खोटी नाही, फक्त तिची जागा थोडी चुकलीय. घराची वीज पॉवर सप्लायच्या बंद डब्यापर्यंतच येते, तिथून पुढे सगळं १२ व्होल्ट आणि त्याखालचं असतं. गळती झालीच तर धोका मुख्यतः महागड्या भागांना आहे. म्हणून फिटिंगचे जोड पॉवर सप्लायच्या थेट वर येऊ देऊ नका, आणि आत हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढायचा हा नियम घरात सगळ्यांसमोर करा. त्यांना हेही सांगता येईल की कंप्युटर आणि पाण्याची सोयरीक जुनी आहे. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेला ३०८१ हा मोठा कंप्युटर पाण्यावरच थंड होत असे, आणि २००४ मध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅक जी५ चं सर्वांत वेगवान मॉडेल लिक्विड कूलिंग लावूनच विकलं.

लूप सुरू झाल्यावर पहिले काही दिवस बुडबुडे निघत राहतील, टाकीतली पातळी थोडी उतरेल, वरून भरायचं. महिन्यातून एकदा टॉर्च लावून टाकीत बघा: रंग, तवंग, पातळी. वर्षातून एकदा पाणी काढून नवं भरा, वाटलं तर ब्लॉक उघडून मऊ ब्रशने फटी साफ करा. वर्षातली ही एक दुपार तुम्हाला नकोशी वाटणार असेल, तर मनापासून सांगते, एअर कूलर घ्या, झाकणाची परीक्षा द्या, इको मोड लावा आणि सुखाने झोपा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि ती दुपार हवीहवीशी वाटत असेल, तर पहिलं पाणी भरायचा दिवस बाबा घरी असतील असा निवडा. ते काम एका माणसाचं नाही. टाकी भरायची, पंप दोन-तीन सेकंद चालवायचा, पाणी नळ्यांत शिरून टाकी रिकामी व्हायला आली की त्याच क्षणी बंद करायचा, पुन्हा भरायची, असं दहा-बारा वेळा. मग पंप चालू ठेवून कॅबिनेट हळूच पुढे, मागे, बाजूला कलवायचं, म्हणजे रेडिएटरमध्ये अडकलेली हवा गुडगुडत बाहेर येते. एकाने बाटली आणि नरसाळं धरायचं, दुसऱ्याने स्विचवर हात ठेवून टाकीकडे बघत राहायचं. स्विच बाबांकडे द्या. पाणी कुठे गळतंय का, हे त्यांच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी बघणार नाही.